खिडकी क्रमांक तीनची जुनी हार्ड डिस्क

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
चाळ रहिवासी अभिलेख कार्यालय (मध्य विभाग),
परळ, मुंबई.

विषय : खिडकी क्र. ३ वरील संगणकात अर्जदारानेच देणगी म्हणून बसवून दिलेली एसएसडी काढून तेथे जुनी हार्ड डिस्क पूर्ववत बसविण्याबाबत.

संदर्भ : १) एसएसडी बसवू देण्याबाबतचे अर्जदाराचे पूर्वीचे सर्व अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची त्यावरील उत्तरे, तसेच न आलेली उत्तरे.
३) दशक्रियेच्या दिवशी बाणगंगा येथे अर्जदाराने कावळ्यासमक्ष दिलेला शब्द (तोंडी).
४) निरुपयोगी साहित्य नष्ट करण्याबाबत आपल्या कार्यालयाच्या फळ्यावर लावलेली सूचना.

महोदय,

१. विषय वाचून आपल्या कपाळावर आठी उमटली असणार, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. जी वस्तू बसवू द्या म्हणून या बाईने महिनोन्महिने कार्यालयाचे उंबरे झिजवले, तीच वस्तू आता काढा म्हणते, म्हणजे हिचे डोके ठिकाणावर आहे ना, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपण या पदावर नुकतेच रुजू झाला आहात. मागची हकिकत आपणास ठाऊक नाही आणि फाईल वाचून ती कळण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर निवेदन करणे भाग आहे. मागणी थोडक्यात अशी की, सदर जुनी हार्ड डिस्क नष्ट केली जाऊ नये आणि ती पुन्हा चालावी. कारण ती चालते तेव्हाच अर्जदाराचे मयत पती घरी येतात.

२. अर्जदार ही कै. जयवंत सखाराम हळदणकर यांची पत्नी असून कन्या पूर्वी हिच्यासह नायगाव येथील बीडीडी चाळीत राहते. कै. जयवंत आपल्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते व खिडकी क्र. ३ वर बसत. गिरणगावातल्या चाळींत कोण कुठल्या खोलीत कधीपासून राहते, याचा दाखला त्या खिडकीवर मिळतो. चाळी पाडून टॉवर उभे राहू लागल्यापासून हा दाखला जवळ नसेल तर माणूस स्वतःच्याच घरात परका ठरतो, हे आपणास सांगायला नको. गेल्या वर्षी मार्चमध्ये, सकाळचा चहा झाल्यावर, पायांत चपला सरकवता सरकवता ते गेले. अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, साहेबलोकांना दुसऱ्याचा 'मी' चावतो, ही त्यांचीच शिकवण. निम्म्या चाळीचे अर्ज ते तोंडी सांगत आणि अर्जदार ते सुवाच्य अक्षरात उतरवून देई. तेव्हा प्रस्तुत अर्जातील तक्रार अर्जदाराची असली, तरी भाषेला इस्त्री त्यांची आहे.

३. आता संगणकाविषयी. खिडकी क्र. ३ वरील संगणक कन्या पूर्वी शाळेत जाऊ लागली त्या सुमाराचा आहे. आज पूर्वी नोकरी करते. त्याचे बटन दाबले की कामाचा पडदा उघडेपर्यंत माणूस खाली जाऊन चहा पिऊन, टपरीवर चार लोकांशी वाद घालून, वर येऊन बसे. तरी पडद्यावरचे चक्र आपले गोल गोल फिरतच असे. खिडकीबाहेर परळ, लालबाग, भायखळ्याची म्हातारी माणसे ताटकळत. कै. जयवंत यांनी त्या रांगेला कधी वाकडा शब्द वापरला नाही. ते टेबलावर बोटे वाजवीत. करंगळीपासून अंगठ्याशेजारच्या बोटापर्यंत ओळीने टकटकटकटक, मग जरा थांबून पुन्हा तसेच. त्यांचा सगळा वैताग त्या चार बोटांत असे. घरी आले की मात्र म्हणत, "माझ्या खिडकीवर माणसं म्हातारी होतात गं. आणि शिव्या मला पडतात, त्या डब्याला नाही."

भायखळ्याच्या गंगुबाई म्हणून एक आजी होत्या. रांगेतच जेवायचा डबा उघडीत आणि एक घास खिडकीतून आत सरकवीत, "घे रे बाबा, तू पण माझ्यासारखाच अडकलास." त्या आजी दाखला हातात पडण्याआधीच वारल्या, तेव्हा कै. जयवंत दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यानंतर त्यांनी एसएसडीचा ध्यास घेतला. कोणीतरी त्यांना समजावले होते की, जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई ती चाचपत बसते, म्हणून एवढा खोळंबा. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसतेच, त्यामुळे आवाजही नाही आणि वाट पाहणेही नाही. नवीन संगणक मिळणार नसेल तर निदान एवढी एक वस्तू तरी बदला, असे अर्ज त्यांनी वरिष्ठांकडे एकामागून एक केले. ते सगळे अर्जदाराच्या हस्ताक्षरात आपल्या दप्तरी पडून असतील. त्यांतील एकालाही उत्तर आले नाही.

४. संदर्भ क्र. ३ विषयी. बाणगंगेवर दहाव्याचा पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असे नाही. कठड्यावर ओळीने बसले होते आणि शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर तुटून पडत होते. आमच्याकडे मात्र बघून न बघितल्यासारखे करीत होते. मयताची इच्छा राहिली असली की असे होते, हे आपण जाणताच. मग आप्तेष्टांनी एकेक शब्द देण्यास आरंभ केला. थोरले दीर वसंत हळदणकर हात जोडून म्हणाले, "जया, पोरीच्या लग्नाची काळजी तू करू नको. मी आसय मा! ये, घास घे." कावळा हलला नाही. पूर्वी रडत म्हणाली, "बाबा, मी आईला एकटीला टाकून कुठे जाणार नाही." कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली. अर्जदार पुढे होऊन म्हणाली की, माझी चिंता नको, मी नीट राहीन. त्यावर एक कावळा उठला आणि उडून गेला.

उन्हाने पाय भाजत होते. भटजी घड्याळ बघू लागले. त्या वेळी अर्जदाराच्या डोक्यात तिडीक गेली, हे ती लपवीत नाही. ती मोठ्याने म्हणाली, "मग काय, आता तुमच्या त्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवू?" हे वाक्य शब्द म्हणून दिलेले नव्हते. ते रागाने, टोचून बोललेले होते. परंतु ते पुरते संपायच्या आत कावळ्याने झडप घालून घास उचलला. जमलेल्या मंडळींत आपल्या कार्यालयातील लिपिक श्री. हितेंद्र हेही होते. त्यांनी दोन्ही हात कानांना लावले. वसंतभाऊ एवढेच म्हणाले, "बघलंस? तेचो जीव खंय अडकललो तो!"

अर्जदार तेथे रडली नाही. घरी येऊन खूप रडली. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माणसाचा जीव बायकोत नाही, मुलीत नाही, आणि सरकारी डब्यात अडकावा, याचा तिला फार राग आला. तो राग पुढे कित्येक महिने गेला नाही.

५. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी, कार्यालय उघडण्याच्या वेळेस, अर्जदार गॅसपाशी उभी असता घरातील घडीच्या टेबलावर बोटे वाजू लागली. करंगळीपासून ओळीने, मग जरा थांबून पुन्हा तशीच. टेबलापाशी कोणी नव्हते. पूर्वीने हातातला कंगवा खाली ठेवला आणि दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी सुरू झाला. शनिवारी-रविवारी आला नाही.

अर्जदार भुताखेतांच्या मागे लागणारी नाही. तिने श्री. हितेंद्र यांना फोन केला. खिडकी क्र. ३ आता त्यांच्याकडे होती. ते फोनवर म्हणाले, "वहिनी, बटन दाबलं हां मी आता," आणि इकडे टेबल वाजू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हां, आलं एकदाचं पेज," आणि इकडे सगळे शांत झाले. एकदा परळला भर दुपारी वीज गेली, संगणक पुन्हा चालू करावा लागला, त्या दिवशी घरात दुपारीही बोटे वाजली. तेव्हा शंकेला जागा उरली नाही. देह गेल्यावरही ते त्या संगणकासमोर बसून पडदा उघडण्याची वाट बघत होते. वाट बघायची ती परळला आणि बोटे वाजवायची ती नायगावला, असे का, हे अर्जदार सांगू शकत नाही. शब्द घरच्यांनी दिला होता, म्हणून तगादाही घरी येत असावा.

६. म्हणून अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे अर्ज केला की, स्वतःच्या खर्चाने एसएसडी बसवू द्यावी. पहिले उत्तर आले की, शासकीय मालमत्तेस खासगी व्यक्तीस हात लावता येणार नाही, देणगी देता येईल. अर्जदाराने कै. जयवंत यांच्या नावे देणगीचा अर्ज केला. तो दात्याची स्वाक्षरी नाही म्हणून परत आला. स्वतःच्या नावे केला, तर उत्तर आले की, देऊ केलेली वस्तू सदर संगणकास सुसंगत असल्याचा दाखला जोडावा. दाखला द्यायचा तर तंत्रज्ञाला संगणक उघडून पाहावा लागतो. संगणक उघडण्यास परवानगी मागितली, तर देणगी स्वीकृत झाल्याशिवाय उघडता येणार नाही असे कळवण्यात आले. देणगी दाखल्यावाचून स्वीकृत होत नव्हती. या फेऱ्यात आपल्या आधीच्या साहेबांची बदली झाली. इकडे घरी रोज सकाळी टेबल वाजत होते.

७. योग्य एसएसडी निवडताना अर्जदाराच्या हातून ज्या चुका झाल्या त्याही नमूद करते, म्हणजे काही लपवल्यासारखे होऊ नये. गेलेल्या माणसाला द्यायची वस्तू उत्तमच द्यायची, या समजुतीने अर्जदार लॅमिंग्टन रोडला गेली आणि सगळ्यात नवी, सगळ्यात वेगवान एसएसडी मागितली. दुकानदाराने विचारले, "मशीन कुठलं?" अर्जदार म्हणाली, "सरकारी." त्याने तिच्याकडे एकदा नीट बघितले आणि च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक नाजूक वस्तू हातात ठेवली. एवढ्याशा तुकड्यात एका माणसाचा जीव अडकला, असे मनात येऊन अर्जदार ती वस्तू पदराखाली धरून घरी घेऊन आली.

गिरगावात संगणक दुरुस्त करणारे श्री. निलेश हे कन्येच्या मैत्रिणीचे बंधू. त्यांनी ती पट्टी बघून सांगितले, "मावशी, वस्तू एक नंबर आहे, पण ही घालायची खाचच नसणार तुमच्या मशीनला. त्या काळात असल्या खाचा यायच्या नाहीत. आधी मशीनची पत्रिका आणा, मग जुळवू." पत्रिका म्हणजे आतील मुख्य पाटीचे, मदरबोर्डचे, नाव. ते संगणकाच्या पाठीवर लिहिलेले असते. परंतु आपल्या कार्यालयाने त्याच जागी पांढरा रंग फासून त्यावर मालमत्ता क्रमांक रंगवला आहे. अखेर श्री. हितेंद्र यांनी निलेश यांच्या सांगण्यावरून पडद्यावरच एक ओळ टाइप करून ते नाव मिळवले. संगणक उघडावा लागला नाही, सबब नियमभंग झालेला नाही. याबद्दल श्री. हितेंद्र यांना विचारणा होऊ नये, ही वेगळी विनंती.

नाव कळताच निलेश यांनी सांगितले की, या संगणकाला साटा जातीची, पत्त्यांच्या जोडाएवढी चपटी डिस्क लागेल. अर्जदाराने निदान त्यातली तरी सर्वांत वेगाची द्या म्हटले, तर ते म्हणाले, "काय उपयोग? चाळीच्या अर्ध्या इंची नळाला केवढाही पंप लावा, पाणी तेवढंच येणार. साधी घ्या, चांगल्या कंपनीची घ्या, आणि जुन्यातलं सामान मावेल एवढी घ्या." तशी घेतली. जुनी हार्ड डिस्क आकाराने मोठी, तिच्या जागी ही सैल बसणार, म्हणून एक पत्र्याची चौकटही घेतली.

त्यावर आणखी एक चूक झाली. घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावायचे, ही आमची रीत. मिक्सरला लावले, लेकीच्या स्कूटरला लावले. जाऊबाई म्हणाल्या, आता तू हात लावू नकोस. अर्जदार असले काही मानत नाही. तिने स्वतःच्या बोटाने कुंकू लावले, आणि जेथे तार जोडतात त्या सोनेरी दातांवरच लावले. निलेश यांनी तपासणीसाठी ती आपल्या संगणकाला जोडली, तर संगणक तिला ओळखच दाखवीना. जाऊबाईंनी अपशकुन झाला म्हणून सगळ्या चाळीत सांगितले. निलेश यांनी बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून कुंकू काढले आणि ती चालू झाली. दाखला त्यांनी त्याच दिवशी लिहून दिला.

८. आता जे नमूद करायचे आहे ते कोणत्याही नियमाखाली विचारण्यात आलेले नाही, परंतु त्यावाचून मागणीचा अर्थ कळणार नाही. दाखल्यासह सुसंगत एसएसडी हातात आल्यावर अर्जदाराने ती तत्काळ सादर केली नाही. गोदरेजच्या कपाटात, साड्यांखाली, ठेवून दिली. सुरुवातीला त्या बोटांच्या आवाजाने अंगावर काटा येई. मग सवय झाली. मग असे झाले की, अर्जदार त्या वेळेला हातातले काम टाकून टेबलापाशी खुर्ची ओढून बसू लागली. समोर चहाचे दोन कप ठेवू लागली. ती काही बोलत नसे. राग होता ना! बाणगंगेवरचा तो राग मनात धरून ती नुसती बसे आणि ती बोटे ऐके. ते होते तेव्हाही सकाळी आम्ही फारसे बोलत नसू.

पूर्वीने एकदा कपाट उघडले आणि तिला ती एसएसडी सापडली. ती म्हणाली, "आई, आणून किती दिवस झाले? बाबा तिथे ताटकळतायत आणि तू इथे बसून ऐकतेस? जिवंतपणी काय कमी वाट बघितली त्यांनी?" दुसऱ्याच दिवशी अर्जदाराने दाखल्यासह अर्ज सादर केला, आणि दैव असे की, या वेळी तो आठवड्यात मंजूर झाला.

९. देणगी स्वीकृती पत्रात अट क्र. ४ अशी होती : साहित्य बसवितेवेळी दात्याने कार्यालयात समक्ष हजर राहून स्वाक्षरी करावी. त्यानुसार डिसेंबर महिन्यातील एका शनिवारी, खिडकी बंद असताना, अर्जदार कार्यालयात हजर राहिली. तिला बाकावर बसवण्यात आले. निलेश यांनी संगणक उघडला, धूळ झाडली आणि सांगितले की, जुन्या डिस्कवरचे सगळे नव्या डिस्कवर उतरवून घ्यावे लागेल, तोवर जुनी डिस्क सारखी चालत राहील, कामाचा पडदा उघडणार नाही, दुपार जाईल. अर्जदाराने मान डोलावली. त्याचा अर्थ तेव्हा तिच्या ध्यानात आला नाही.

थोड्या वेळाने पूर्वीचा घरून फोन आला. "आई, बाबा थांबतच नाहीयेत. मघापासून वाजवतायत. कधीच एवढा वेळ वाजवलं नव्हतं." अर्जदार उठून घरी निघाली, तर उपस्थित कर्मचाऱ्याने सांगितले की, ताई, सही झाल्याशिवाय जाता येणार नाही, नाहीतर सगळं रद्द होईल, पुन्हा पहिल्यापासून. परळहून नायगाव असे किती लांब आहे? बसने दहा मिनिटे. अर्जदार त्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मध्ये मध्ये फोन येत होता. पूर्वीने सांगितले की, चहा करून टेबलावर ठेवलाय. पूर्वीने सांगितले की, आता हळू वाजवतायत, पण वाजवतायत. मग पूर्वी फोन नुसता टेबलाशी धरून बसली. अर्जदाराने कान लावला, पण फोनमधून काही ऐकू आले नाही.

संध्याकाळी निलेश यांनी जुनी डिस्क काढून नवी बसवली आणि बटन दाबले. अर्जदाराने पदर सावरून वर बघितले, तोवर पडदा उघडलेला होता. जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदाराने सही केली. घरी पोचली तेव्हा पूर्वी टेबलापाशी बसलेली होती. म्हणाली, "शेवटी एकदाच वाजलं, आई. एकच बोट." त्यानंतर आमच्या घरात टेबल वाजलेले नाही.

१०. अर्जदाराने जानेवारीत दोनदा येऊन दुरून खिडकी क्र. ३ पाहिली. रांग भराभर पुढे सरकते. बाहेरच्या बाकावर आता कोणी डबा उघडून बसत नाही. एक म्हातारे गृहस्थ दाखला हातात घेऊन, एवढ्यात झाले कसे म्हणून परत खिडकीशी जाऊन खात्री करून घेत होते. ते बघून अर्जदाराला बरे वाटले, हे प्रामाणिकपणे नमूद करते. आणि बाणगंगेवर कावळ्याने तो घास का घेतला, हेही तिला तेव्हा उमगले. त्यांना बायको-मुलीची काळजी नव्हती असे नव्हे. आम्ही दोघी एकमेकींना होतो. त्या रांगेला कोणीच नव्हते. एवढे कळायला अर्जदाराला पाऊण वर्ष लागले, आणि जेव्हा कळले, तेव्हा सांगायला ते तेथे नव्हते.

तेव्हापासून रोज सकाळी कार्यालय उघडण्याच्या वेळी घर फार मोठे वाटते. दहा बाय सोळाची खोली आहे, महोदय.

११. गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयाच्या फळ्यावर सूचना लागली आहे की, काढून ठेवलेल्या सर्व जुन्या हार्ड डिस्क मार्चअखेर भोके पाडून नष्ट करण्यात येतील, जेणेकरून त्यांवरील माहिती कोणाच्या हाती लागू नये. सूचना योग्यच आहे. मात्र खिडकी क्र. ३ ची हार्ड डिस्क त्यांत आहे. त्या वस्तूला भोक पाडणार, हे वाचून अर्जदार त्याच पावली घरी येऊन हा अर्ज लिहायला बसली.

१२. विषयात 'पूर्ववत बसविण्याबाबत' असे लिहिले आहे, आणि लिहायला बसले तेव्हा मनात तेच होते. परंतु इथवर येईपर्यंत अर्जदाराच्या डोळ्यांपुढून ते म्हातारे गृहस्थ हलेनात. स्वतःच्या सकाळसाठी त्यांना पुन्हा ताटकळत ठेवले, तर कै. जयवंत अर्जदाराचे तोंड पाहणार नाहीत. सबब अर्जदार आपली मागणी आखडती घेत असून आता केवळ पुढीलप्रमाणे विनंती करते.

फाल्गुन वद्य नवमी रोजी कै. जयवंत यांचे वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी सकाळी, खिडकी उघडण्यापूर्वी, जुनी हार्ड डिस्क एकदाच, एकाच वेळेपुरती, संगणकात बसवून तो चालू करण्यात यावा. पडदा उघडला की लगेच बंद करून नवी एसएसडी पुन्हा बसवावी. श्री. निलेश हे काम विनामोबदला करण्यास तयार आहेत. रांगेतील एकाही नागरिकाचा खोळंबा होणार नाही. त्यानंतर जुन्या डिस्कला नियमानुसार भोक पाडावे, अर्जदाराची हरकत नाही. संगणकाला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्यावा, कोणी घाई करू नये, एवढेच. त्या वेळात अर्जदाराला त्यांना सांगायचे आहे की, राग गेला.

तरी देणगी स्वीकृती पत्रातील अट क्र. ४, म्हणजे साहित्य बसवितेवेळी दात्याने कार्यालयात समक्ष हजर राहण्याची अट, त्या एका सकाळपुरती शिथिल करण्यात यावी. त्या वेळी अर्जदार घरी असणे आवश्यक आहे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार

सही/-
(श्रीमती मंजुळा जयवंत हळदणकर)
नायगाव, मुंबई
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) कै. जयवंत यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) देणगी स्वीकृती पत्राची प्रत.
३) एसएसडी सुसंगत असल्याबाबतच्या दाखल्याची प्रत.
४) पेनड्राइव्ह, एक. (त्या शनिवारी दुपारी कन्येने मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण. त्यात केवळ पंख्याचा आवाज येतो. तरीही जोडले आहे.)